अक्षरे जुळविणारा इराणी कारागीर

लग्नपत्रिकेचा मजकूर आज गिऱ्हाईक मोबाईलवरच पाठवते. उर्दू असो वा मराठी, अक्षरे जुळून येतात आणि आपला छापखानेवाला लगेच कागदाचा भाव सांगू लागतो. ती जुळली कशी, हे विचारायला धंद्यात सवड कोणाला?

१९९० च्या दशकातले दिवस या व्यवसायातील बांधव विसरले नसतील. एका सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर दुसऱ्या संगणकावर नेला की नुसती वेडीवाकडी चिन्हे दिसत. शिवाय सॉफ्टवेअर महाग. मग चोरीची प्रत आणायची. आपल्याही दुकानांत हे सर्रास चालले, ते लपविण्यात अर्थ नाही.

आज ही अडचण बरीच हटली आहे. त्यात मोठा वाटा बेहदाद एस्फहबोद यांचा आहे. १९८२ साली इराणच्या सारी शहरात जन्म, २००० साली आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिंपियाडमध्ये सुवर्णपदक, तेहरानच्या शरीफ विद्यापीठात शिक्षण. तेथेच ते फारसी भाषा संगणकावर नीट यावी या कामाला लागले. पुढे टोरांटोत शिकले, रेड हॅट आणि गुगलमध्ये नोकरी केली. त्यांच्या 'हार्फबझ' या प्रोग्रामचे नाव फारसीतील 'हर्फ' आणि 'बाज', म्हणजे अक्षर आणि खुले, यांवरून आले आहे. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिब्रेऑफिस या सर्वांत तो वापरला जातो.

काम कारागिराचेच आहे. उर्दूत 'कबाब' लिहा. पहिला बे दोन्ही बाजूंनी जोडलेला, दुसरा सुटा, कारण अलिफ पुढच्या अक्षराला जोडत नाही. मराठीत 'कर्ज' लिहा. र आधी टाइप होतो, पण रफार जाऊन बसतो ज च्या डोक्यावर. कोणते अक्षर कोठे कोणते रूप घेईल हे हार्फबझ ठरवितो. पूर्वी हे कातिबाचा हात ठरवीत असे.

हा प्रोग्राम कोणीही घ्यावा, बदलावा, धंद्यात वापरावा. अट एवढीच की परवान्याचा मजकूर सोबत राहावा. इजिप्तचे खालिद होस्नी यांनीही या कामात हात लावला. बुलाक छापखान्याच्या जुन्या नस्ख वळणावरून त्यांनी केलेला 'अमीरी' फॉन्टही असाच खुला आहे. त्यात पत्रिका छापून खुशाल विका, फक्त फॉन्ट तेवढा सुटा विकता येत नाही. या मंडळींनी हे धर्मकार्य म्हणून केले असा आमचा दावा नाही. पण वाटेवर खोदलेल्या विहिरीची आठवण आम्हांला होते खरी.

आमची तक्रार वेगळीच आहे. आपल्या जमातींच्या शिष्यवृत्त्या गुणपत्रिका पाहून दिल्या जातात. रात्री जागून असल्या खुल्या प्रकल्पातील उर्दूची चूक दुरुस्त करणारा मुलगा घरच्यांना रिकामटेकडा वाटतो, आणि ट्रस्टच्या अर्जात त्या कामासाठी रकानाच नसतो. भिवंडी, मालेगाव, मुंबईच्या व्यापारी मंडळींनी अशा एकदोन मुलांचा वर्षभराचा खर्च उचलावा, असे आमचे मत आहे. चोरीच्या सॉफ्टवेअरवर जे वाचविले, त्यापुढे ही रक्कम काहीच नाही.

आणि पैसा नसेल त्यानेही एक काम करावे. पत्रिकेत एखादा शब्द मोडला, तर तो शब्द, फॉन्टचे नाव आणि बिघडलेला नमुना जपून ठेवावा. दुरुस्ती करणाऱ्याला सुरुवात तेथूनच करावी लागते.