बिबट्याची चिप आणि दहा रुपयांचा स्टॅम्प

"तुम्हाला कशाला हवीय ही माहिती?"

टेबलापलीकडच्या साहेबांनी माझा अर्ज वाचला, खालचं नाव वाचलं आणि पुन्हा अर्जावर नजर टाकली. मग आवाज जरा मऊ करून म्हणाले, "यात तुमच्या समाजाचं काही आहे का?"

अर्ज बिबट्याबद्दल होता.

मी सटाण्याचा. अब्बांची पिकअप आहे. कांदा लागवडीच्या दिवसांत ते पहाटे अंधारातच मजूर बायांना घेऊन मळ्यांवर सोडायला निघतात. गेली काही वर्षं त्या गाडीत एकच विषय असतो. कुणाची शेळी गेली, कुणाच्या उसात पायाचे ठसे दिसले, कुठे पिंजरा लावला. बिबट्या पिंजऱ्यात सापडला की व्हिडिओ फिरतो, गर्दी जमते आणि गाडी त्याला घेऊन जाते. पुढे काय होतं, ते कुणालाच माहीत नसतं. एकदा पुढच्या सीटवर बसलेल्या मावशींनी मला विचारलं, "बेटा, तू शिकलेला आहेस. मला सांग, हा दरवेळी नवा येतो की जुनाच परत येतो?"

मला उत्तर देता आलं नाही. म्हणून जोडपत्र 'अ' भरलं, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला आणि चार गोष्टी विचारल्या. गेल्या तीन वर्षांत आपल्या तालुक्यात किती बिबटे पकडले? त्यांना ओळखीची चिप बसवली का? त्यांना कोणत्या तालुक्यात सोडलं? आणि या भागात बिबट्यांवर काही संशोधन झालं असेल, तर त्याच्या अहवालाची प्रत मिळेल का?

ही चिप तांदळाच्या दाण्याएवढी असते. ती कातडीखाली बसवतात. वाचक यंत्र जवळ नेलं की क्रमांक दिसतो. म्हणजे मावशींच्या प्रश्नाचं उत्तर कुठल्या तरी रजिस्टरमध्ये असू शकतं. नवा की जुना, ते क्रमांक सांगतो.

हा प्रश्न किती जीवाशी निगडित आहे, हे जुन्नरने महाराष्ट्राला शिकवलं. २००१ नंतरच्या दोन-तीन वर्षांत तिथे बिबट्यांचे हल्ले अचानक वाढले. पकडायचं आणि दूरच्या जंगलात नेऊन सोडायचं, हा तेव्हाचा उपाय होता. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला, तेव्हा दिसलं की उपायानेच दुखणं वाढवलं. अनोळखी मुलखात सोडलेल्या बिबट्यांमुळे सोडल्याच्या जागेजवळ हल्ले वाढले होते. पुढे २००९ मध्ये पारनेरजवळच्या टाकळी ढोकेश्वर इथे विहिरीत पडलेल्या एका बिबट्याला जीपीएस पट्टा बांधून माळशेज घाटात सोडलं. तो महिन्याभरात सुमारे सव्वाशे किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाकडे पोहोचला. वाटेत वस्त्या होत्या, रस्ते होते, खाडी होती. त्याने माणसावर हल्ला केला नाही. हाच 'आजोबा'. २०१४ मध्ये त्याच्यावर मराठी सिनेमाही आला.

आजोबाची वाट लोकांपर्यंत आली, म्हणून बिबट्याबद्दल बोलण्याची भाषा थोडी बदलली. ती माहिती एखाद्या कपाटात राहिली असती, तर आपण अजून फक्त व्हिडिओ पाहून घाबरत असतो. माझं म्हणणं एवढंच आहे. जनावराच्या अंगावर सरकारी पैशातून चिप, पट्टा किंवा बिल्ला बसतो, तेव्हा त्याची वही सरकारची खासगी वही राहत नाही. त्या जनावराच्या शेजारी राहणाऱ्या माणसांचा तिच्यावर पहिला हक्क आहे.

वही उघडी असली की काय होतं, याचं सुंदर उदाहरण आपल्याच किनाऱ्यावर आहे. जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या वाळूत ऑलिव्ह रिडले जातीची एक मादी कासव अंडी घालायला आली. तिच्या पंखावर धातूचा बिल्ला होता, त्यावर क्रमांक होता ०३२३३. गुहागरमध्ये बसून त्या क्रमांकाचा काही अर्थ लागत नाही. नोंदी तपासल्या तेव्हा कळलं की हा बिल्ला २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर लावला होता. बंगालच्या उपसागरातलं कासव अरबी समुद्रात! दोन्ही किनाऱ्यांवरची कासवं वेगवेगळी असतात, हा समज एका बिल्ल्याने हलवला. पण बिल्ला एकटा काहीच सांगत नव्हता. इकडचा माणूस विचारतो आणि तिकडची वही उत्तर देते, तेव्हाच तो बोलतो.

त्याआधी २०२२ मध्ये वेळास, आंजर्ले आणि गुहागरच्या पाच कासवांना उपग्रहाशी जोडलेली यंत्रं बसवली होती. नावं ठेवली होती प्रथमा, सावनी, वनश्री, रेवा आणि लक्ष्मी. राज्याचं कांदळवन प्रतिष्ठान आणि देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था यांचा तो प्रकल्प. प्रथमा गुजरातकडे निघाली, रेवा दक्षिणेला कर्नाटकाकडे वळली, हे आपण वर्तमानपत्रात वाचत होतो. समुद्रापासून इतक्या दूर बागलाणात बसून मीही वाचत होतो.

"कासवाचं कौतुक ठीक आहे, पण आपल्याला काय?" असं म्हणणाऱ्या दोस्तांना एक गोष्ट सांगतो. कासवं ट्रॉलरच्या जाळ्यात अडकून मरतात आणि भारतीय ट्रॉलरवर कासव सुटण्याची सोय नाही, या कारणाने अमेरिकेने २०१९ पासून भारतातून समुद्रात पकडलेली कोळंबी घेणं बंद केलं. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणाऱ्या दालदी मुसलमानांच्या घरात मासळीच्या भावावर चूल पेटते. कासव कोणत्या महिन्यात, किनाऱ्यापासून किती आत फिरतं, ही माहिती त्यांच्यासाठी धंद्याची आहे. जाळी कुठे टाकायची, बंदी कुठे आणि किती दिवस असावी, या चर्चेत ज्याच्या हातात आकडे असतात तोच बोलतो. बाकीचे ऐकून घेतात.

हे जिथे सगळ्यात पुढे गेलं, तो देश पाहू. अमेरिकेच्या वायव्येला कोलंबिया नावाची नदी आहे. तिच्यात सॅल्मन मासा जन्मतो, समुद्रात जातो आणि अंडी घालायला पुन्हा नदीत येतो. वाटेत मोठमोठी वीजधरणं आहेत. धरणाशेजारी माशांना चढायला पायऱ्यांसारखी वाट केली आहे आणि तिथल्या काचेतून मासे मोजतात. बॉनव्हिल धरणावर ही मोजणी १९३८ पासून चालू आहे. लहान माशांच्या पोटात चिप बसवतात, तीही आपल्या बिबट्याच्या चिपेसारखीच. आज किती मासे चढले, हे मासेमाराला, विद्यार्थ्याला, तिथल्या आदिवासी जमातींना, वीज कंपनीच्या वकिलालाही घरबसल्या पाहता येतं. कुणाला अर्ज करावा लागत नाही.

अशी उघडी वही सगळ्यांना आवडत नाही. २००५ मध्ये तिथल्या एका न्यायाधीशाने आदेश दिला की उन्हाळ्यात लहान मासे सुखरूप जावेत म्हणून धरणावरून जास्त पाणी सोडा. टर्बाइनमधून न जाता वरून सोडलेलं पाणी म्हणजे बुडालेली वीज. त्याच वर्षी आयडाहोचे सिनेटर लॅरी क्रेग यांनी एका संसदीय समितीच्या अहवालात ओळी घालून घेतल्या, की ही आकडेवारी ठेवणाऱ्या 'फिश पॅसेज सेंटर' या छोट्या संस्थेला पैसे देऊ नयेत. माशांवर कुणी हात उचलला नाही, मोजणाऱ्यावर उचलला. प्रकरण कोर्टात गेलं. जानेवारी २००७ मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं की समितीच्या अहवालातल्या ओळी म्हणजे कायदा नव्हे, त्यांच्या आधारे निधी काढून घेणं चूक होतं. ते केंद्र टिकलं.

आपल्याकडे तर अशी लढाई याहून साध्या हत्याराने जिंकली गेली आहे. सह्याद्रीवरचा माधव गाडगीळ समितीचा अहवाल ३१ ऑगस्ट २०११ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाला सादर झाला. आमच्या साल्हेर-मुल्हेरच्या डोंगरांपासून थेट केरळ-तमिळनाडूपर्यंत पसरलेल्या पर्वतरांगेचा प्रश्न होता. मंत्रालयाने अहवाल बाहेर काढला नाही. केरळच्या एका नागरिकाने माहिती अधिकारात तो मागितला. उत्तर आलं, अजून अंतिम झालेला नाही, देता येणार नाही. केंद्रीय माहिती आयुक्त शैलेश गांधी यांनी एप्रिल २०१२ मध्ये तो जाहीर करायला सांगितलं. मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि हरलं. मे २०१२ मध्ये अहवाल सर्वांसाठी खुला झाला. त्याच्या शिफारशी पटोत न पटोत, त्यावर भांडायचं तर आधी तो वाचता यायला हवा. तो हक्क एका साध्या अर्जाने मिळवून दिला.

आता दुसरी बाजू. सगळंच उघडं करा, असं मी म्हणत नाही. २०१३ मध्ये पन्नाच्या जंगलातल्या एका वाघाच्या पट्ट्याची माहिती ज्या ईमेलवर येत होती, तो उघडण्याचा प्रयत्न पुण्यातून झाल्याचं समोर आलं होतं. बिबट्या या क्षणी कोणत्या उसात झोपला आहे, हे जाहीर केलं तर आधी शिकारी पोहोचेल आणि त्याच्या मागोमाग काठ्या घेतलेला जमाव. ती माहिती झाकायलाच हवी. पण कायद्यात याची सोय आहे. कलम १० सांगतं की कागदातला जो भाग देता येत नाही तेवढा वगळा आणि उरलेला द्या. नेमका ठिकाणा झाका, तालुका सांगा. आजचं स्थान झाका, मागच्या वर्षीचं सांगा. एका ओळीसाठी अख्खी फाइल 'गोपनीय' ठरवणं हे संरक्षण नाही, तो आळस आहे.

'वैयक्तिक माहिती' ही आणखी एक सबब. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीचं कलम बदललं आहे, नकाराची वाट रुंद केली आहे, आणि त्याबद्दल आपण सगळ्यांनीच बोलायला हवं. पण बिबट्याला अजून आधार कार्ड मिळालेलं नाही. निदान त्याच्याबाबत तरी ही सबब चालू नये.

खरं तर अर्जाची वेळच येऊ नये. कलम ४ प्रमाणे कार्यालयांनी शक्य तितकी माहिती स्वतःहून जाहीर करायची आहे, तीही स्थानिक भाषेचा विचार करून. आपल्या जंगलांवरचे आणि जनावरांवरचे बहुतेक अहवाल मात्र इंग्रजीत लिहिले जातात. पिकअपमधल्या मावशींपर्यंत त्यातली एक ओळही येत नाही. माहिती नाही म्हणून भीती, भीतीतून अफवा, अफवेतून पुन्हा पिंजऱ्याची मागणी.

आता त्या साहेबांच्या प्रश्नाकडे येतो. "तुमच्या समाजाचं काही आहे का?" त्यांचा हेतू वाईट नव्हता, म्हणूनच तो प्रश्न मला जास्त लागला. त्यांच्या मनात मुसलमान अर्जदार म्हणजे कब्रस्तान, शिष्यवृत्ती किंवा वक्फ. आणि दोस्तहो, खोटं कशाला बोलू, आपल्याही मनात तेच आहे. अर्ज केल्याचं सांगितलं तेव्हा मोहल्ल्यातल्या माझ्या मित्रांनीही विचारलं, "आपले प्रश्न कमी आहेत का, बिबट्याच्या मागे लागलास?"

आपले प्रश्न कमी नाहीत. शिष्यवृत्तीचे अर्ज करायलाच हवेत, ते मीही केले आहेत. पण पहाटे पिकअपमध्ये बसणाऱ्या बाईला बिबट्या धर्म विचारत नाही. नदीचं पाणी, धरणाचा साठा, हवेतली धूळ, जंगलातलं जनावर हे सगळं आपलंही आहे. आपण फक्त स्वतःच्या समाजापुरतं विचारत राहिलो, तर आपल्याला तेवढ्याच खिडकीपाशी उभं केलं जाईल. कायद्याने मात्र आपल्याला तिथे उभं केलेलं नाही. कलम ६(२) म्हणतं, अर्जदाराला माहिती मागण्याचं कारण विचारता येणार नाही. नागरिक असणं एवढीच अट. धर्म, जात, कारण, कशालाच रकाना नाही. या देशात इतकी कोरी, इतकी समान जागा मला दुसऱ्या फारशा कागदांवर दिसलेली नाही.

माझ्या अर्जाचं काय झालं? तीस दिवसांची मुदत उलटल्यावर एका ओळीचं उत्तर आलं: माहिती गोपनीय आहे. मी पहिलं अपील केलं. सुनावणीत कलम १० वाचून दाखवलं. वरिष्ठ अधिकाऱ्यांनी ऐकून घेतलं आणि चारपैकी दोन उत्तरं द्यायला सांगितली. पानाला दोन रुपये भरून प्रती घेतल्या. पकडलेल्या बिबट्यांची यादी मिळाली. कुठे सोडलं, या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच वाक्य होतं: 'नैसर्गिक अधिवासात मुक्त केले.' चिपेचा रकाना त्या कागदात नव्हताच. दुसऱ्या अपिलासाठी नव्वद दिवस असतात. माझा मसुदा तयार आहे.

तुम्हीही एक अर्ज करा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, म्हणून नेमकं लिहा. "माहिती द्या" असं मोघम न लिहिता कोणतं रजिस्टर, कोणतं वर्ष, कोणता अहवाल ते लिहा. पोच घेतल्याशिवाय कचेरीतून निघू नका. तारीख मोबाईलमध्ये टाकून ठेवा. आणि मिळालेलं उत्तर मराठीत समजावून चार लोकांना सांगा, नाहीतर तीही एक बंद वहीच होईल.

आमच्या सटाण्यात देवमामलेदार यशवंतराव महाराजांची यात्रा भरते. लहानपणी अब्बांच्या खांद्यावर बसून मी ती पाहिली आहे. १८७०-७१ च्या दुष्काळात उपाशी लोकांसाठी सरकारी खजिना उघडणारा हा मामलेदार. गावाने त्याला देव मानलं ते त्याच्या अधिकारामुळे नाही. खजिना कुणाचा आहे, हे त्याला कळलं होतं म्हणून. आज रजिस्टरं हाही एक खजिनाच आहे. ती उघडायला कुणी देवमाणूस भेटेल याची वाट पाहायची गरज नाही. स्टॅम्प दहा रुपयांना मिळतो.

मावशींना मी अजून पूर्ण उत्तर देऊ शकलेलो नाही. परवा त्यांनीच विचारलं, "काय रे, तुझा कागद कुठवर आला?" आता गाडीतल्या बाकीच्या बायाही विचारतात.