हायड्रोजनचा पाया कच्चा नको

थायरॉइडच्या गोळीत औषध असते जेमतेम 50 किंवा 100 मायक्रोग्रॅम. बाकी सारी गोळी म्हणजे स्टार्चसारखा भराव. पण तो भराव दमटपणाने बिघडला, तर औषध उत्तम असूनही रुग्णाच्या पदरात काही पडत नाही. पाण्यापासून हायड्रोजन काढणाऱ्या यंत्रातही असाच एक दुर्लक्षित पदार्थ असतो. हरित हायड्रोजनच्या घोषणांमध्ये त्याचे नाव कधी ऐकू येत नाही.

पाण्यातून वीज सोडली की एका टोकाला हायड्रोजन आणि दुसऱ्या टोकाला ऑक्सिजन सुटतो, हे शाळेत सर्वांनी शिकलेले असते. हे काम कमी विजेत व्हावे म्हणून उत्प्रेरक लागतो. सौर आणि पवन विजेचे चढउतार चांगले सोसणाऱ्या ‘पेम’ पद्धतीच्या इलेक्ट्रोलायझरमध्ये हायड्रोजनच्या बाजूला प्लॅटिनम असते आणि ऑक्सिजनच्या बाजूला इरिडियमचे ऑक्साइड. (कर्करोग विभागाला दोन्ही नावे परिचयाची आहेत. सिस्प्लॅटिन हे औषध प्लॅटिनमचेच आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगात आतून किरणोपचार देताना इरिडियम-192 वापरतात.) इरिडियम जगभरात वर्षाला जेमतेम सात-आठ टन निघते, तेही मुख्यतः दक्षिण आफ्रिकेत, प्लॅटिनमच्या खाणींतले जोडउत्पादन म्हणून. मागणी वाढली म्हणून पुरवठा वाढेल, अशी ही वस्तू नाही.

त्यामुळे इरिडियमचे अतिसूक्ष्म कण एखाद्या स्वस्त, सच्छिद्र पदार्थावर पसरून ते पुरवून वापरावे लागेल. हाच आधार-पदार्थ. प्लॅटिनमच्या बाजूला कार्बनची काळी भुकटी हे काम चोख करते. ऑक्सिजनच्या बाजूला मात्र दीड व्होल्टच्या वर कार्बनच झिजून कार्बन डायऑक्साइड होतो आणि त्यावर बसवलेले कण निसटतात. गोळ्यांच्या पांढऱ्या लेपात आणि भिंतीच्या रंगात असणारा टायटॅनियम डायऑक्साइड आम्लात टिकतो, पण वीज नीट वाहून नेत नाही. कथिलाच्या ऑक्साइडमध्ये अँटिमनी मिसळले की वीज वाहते. पण यंत्र चालत राहिले की अँटिमनी हळूहळू विरघळते. टिकणारा वाहत नाही आणि वाहणारा टिकत नाही, अशी गत आहे.

जानेवारी 2023 मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनची तरतूद 19,744 कोटी रुपयांची आहे. त्यातले 17,490 कोटी इलेक्ट्रोलायझर आणि हायड्रोजन यांच्या उत्पादनाला प्रोत्साहन म्हणून आहेत, तर संशोधनाला 400 कोटी. शंभरातले जेमतेम दोन रुपये! कारखाने हवेतच. निकेलवर चालणारी जुनी अल्कली पद्धत आधी वाढवा, हे म्हणणेही रास्त आहे. पण पेमची यंत्रे इथे जुळवायची आणि त्यातला कळीचा थर परदेशातून आणायचा, याला स्वावलंबन म्हणता येणार नाही.

शिवाय प्रश्न चाचणीचा आहे. नव्या आधार-पदार्थांची परीक्षा अनेकदा काही तासांची किंवा दिवसांची असते, तीही काचेच्या भांड्यातल्या आम्लात. यंत्राला मात्र वर्षानुवर्षे चालायचे असते. चार दिवसांच्या निकालावर रक्तदाबाचे औषध कुणी बाजारात येऊ देत नाही. इथेही तीच शिस्त हवी. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या संस्थांना इंधनघटांवरील कामाचा अनुभव आहे. अशा एखाद्या संस्थेत देशभरातील नमुने प्रत्यक्ष यंत्रात हजारो तास चालवून पाहण्याची सोय संशोधनाच्या निधीतून व्हावी, आणि जे नमुने नापास होतील त्यांचे निकालही जाहीर व्हावेत.