गुण चित्राला की नोंदीला?

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या महाविद्यालयांतील जैवतंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांना जेलवर विजेच्या साहाय्याने प्रथिने वेगळी करण्याचा प्रयोग परिचित आहे. लेम्ली यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेली ही पद्धत स्वस्त खरी, पण लहरी! अमोनियम परसल्फेटचे द्रावण शिळे झाले, तापमान बदलले वा नमुना कमीअधिक पडला, की कालचे पट्टे आज जुळत नाहीत. प्रत्येक जेलवर तोच प्रमाण-नमुना, द्रावणाच्या तारखेची व तापमानाची नोंद आणि प्रयोगाची पुनरावृत्ती, हे उपाय फारसे खर्चिक नाहीत. मात्र जर्नलातील एकाच सुबक चित्राला पूर्ण गुण मिळत असतील, तर फसलेला प्रयोग विद्यार्थी दाखवील कशाला? परीक्षकांनी चित्राऐवजी नोंदींना गुण द्यावेत. दुसऱ्याच्या हाती तसाच न येणारा निष्कर्ष हे शास्त्र नव्हे, योगायोग होय.