पीचचा डबा आणि स्प्रेपेंट

ऑस्ट्रेलियात जुने लॉनमोअर जमवणारे लोक आहेत. हसू नका. आपल्याकडे लॅम्ब्रेटा आणि येझदीच्या मागे वेडे झालेले लोक आहेतच की. मी सिडनीत राहतो, पोटापाण्यासाठी कोड लिहितो, आणि शनिवारी सकाळी आजूबाजूच्या चार घरांतून मोअर सुरू झाले की दारं-खिडक्या लावून घेतो. त्यामुळे या छंदाचा मी नैसर्गिक शत्रूच व्हायला हवा होतो. पण झालं उलटंच. ती जुनी यंत्रं मला आवडायला लागली. माझं भांडण मोअरशी नाही, जमवणाऱ्यांशीही नाही. भांडण आहे ते स्प्रेपेंटच्या डब्याशी.

होतं काय, की कुणाच्या तरी शेडमध्ये साठ-सत्तर वर्षं पडलेला एक मोअर मिळतो. एका शनिवारी तो खोलतात, रविवारी घासूनपुसून पार उघडा करतात, पुढच्या शनिवारी झगझगीत रंग, नवे स्टिकर, नवे नटबोल्ट. मग फोटो आणि खाली कौतुक: फॅक्टरीतून आला त्यापेक्षाही भारी दिसतोय! अहो, तेच तर म्हणतोय. फॅक्टरीतून तो असा कधी आलाच नव्हता.

आता थोडा इतिहास, म्हणजे मी एवढा का चिडलोय ते कळेल.

ऑस्ट्रेलियन मोअर म्हटलं की एकच गोष्ट सांगतात. १९५२ साल, सिडनीचं कॉन्कर्ड उपनगर, मर्विन व्हिक्टर रिचर्डसन नावाचा गृहस्थ, आणि त्याचं गॅरेज. इंजिन, भंगारातलं सामान, छोटी चाकं आणि पेट्रोलच्या टाकीच्या जागी पीचचा रिकामा डबा. त्यातून फिरत्या पात्याचा मोअर तयार होतो. मधल्या नावावरून कंपनीचं नाव 'व्हिक्टा', आणि १९५८ पर्यंत वर्षाला १ लाख ४३ हजार मोअर, २८ देशांत निर्यात. २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकच्या उद्घाटनात तर मोअर ढकलणाऱ्यांचा नाचच बसवला होता. गॅरेजमधला एकटा माणूस आणि त्याची भन्नाट आयडिया! आमच्या धंद्यात तर या कथेवर लोकांचं घर चालतं.

कथा खोटी नाही. पण ती फार गुळगुळीत आहे. पहिलं म्हणजे हा कुणी विशीतला पोरगा नव्हता. रिचर्डसनचा जन्म १८९३ चा. म्हणजे तो डबा बसवला तेव्हा साठीला टेकलेला, मोटारींच्या धंद्यात एकदा मंदीत आपटलेला. दुसरं, पीचच्या डब्याआधी त्यानं मोअर केले होते, पण ते सिलिंडरचे, म्हणजे आडव्या रुळाला गोल गुंफलेली पाती असलेले. सुट्टीत लोकांची लॉन कापून पैसे मिळवणाऱ्या मुलासाठी त्यानं हे काम सुरू केलं. तिसरं, त्याच सिडनीत १९४८ मध्ये लॉरेन्स हॉलनं 'मोहॉल' नावाचा फिरत्या पात्याचा मोअर केला होता, आणि तो रिचर्डसननं पाहिलेला होता. भलताच जड. एकानं मागून ढकलायचा, दुसऱ्यानं पुढून दोरीनं ओढायचा. त्याही आधी, १९३० च्या दशकात, इंग्लंडमध्ये 'रोटोसाइथ' बाजारात आला होता. आणि ॲडलेडची स्कॉट बोनार कंपनी तर दुसऱ्या महायुद्धाआधीच विजेवर चालणारे मोअर विकत होती.

मग रिचर्डसननं केलं काय? माझ्या मते खरं शहाणपण डब्यात नव्हतंच. ते इंजिनाच्या निवडीत होतं. वुल्व्हरहॅम्प्टनच्या विलियर्स कंपनीचं छोटं टू-स्ट्रोक इंजिन. (हो, तेच विलियर्स. मद्रासच्या एन्फिल्डनं 'फँटाब्युलस' नावाची स्कूटर काढली होती, तिच्यातही विलियर्सच होतं.) या इंजिनाचा क्रँकशाफ्ट आडवा. रिचर्डसननं इंजिन कुशीवर झोपवलं, की शाफ्टचं टोक जमिनीकडे आलं आणि पातं थेट त्यालाच. पट्टा नाही, साखळी नाही, गिअर नाही. वजन झटक्यात कमी. हे टू-स्ट्रोकमध्येच सहज जमतं, कारण त्याचं वंगण पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. फोर-स्ट्रोकच्या पोटात तेलाचं तळं असतं. ते कुशीवर पाडलं की तेल नको तिथे जातं आणि हवं तिथे पोचत नाही. पीचचा डबा आला तो साध्या कारणासाठी: पेट्रोल उतारानं कार्ब्युरेटरमध्ये पोचायला टाकी वर हवी, आणि हाताशी डबा होता. लोकांच्या लक्षात राहिला तो डबा!

आणि गवताचाही भाग आहेच. महायुद्धानंतर इथल्या शहरांभोवती पाव एकराच्या प्लॉटांची उपनगरं पसरली. पाव एकर म्हणजे आपल्या हिशेबात दहा गुंठे. त्यात घर जाऊन उरलेलं सगळं गवत, आणि ते इंग्लंडसारखं मऊ नाही, किकुयूसारखं राकट. सिलिंडरचा मोअर कात्रीसारखा कापतो. गवत उंच झालं की तो त्याला आडवं करतो आणि पुढे जातो. फिरतं पातं वेगानं तडाखा मारून तोडतं, त्याला उंच गवताचं काही वाटत नाही. म्हणजे मागणी तयार होती, कल्पना हवेत होती, इंजिन इंग्लंडहून येत होतं. त्यात एका अनुभवी माणसानं जोडकाम अचूक केलं. मला ही गोष्ट त्या डब्याच्या गोष्टीपेक्षा जास्त आवडते, कारण काम असंच होतं.

आता मुद्दा. ही खरी गोष्ट लिहून कुणी ठेवली? मोठ्या कंपनीचे कागद, जाहिराती, फोटो थोडेफार उरतात. पण त्या दशकात मोअर काढणाऱ्या लहानसहान वर्कशॉपांचे कागद कुणी जपलेत? त्यांच्याबद्दल जे काही कळणार ते यंत्रावरूनच. यंत्र हाच दस्तऐवज. आणि आपण त्यावर सॅंडपेपर मारतोय.

काय काय लिहिलेलं असतं बघा. क्रँककेसवर ठोकलेला इंजिन नंबर: विलियर्सच्या नंबरातल्या आकडे-अक्षरांवरून मॉडेल ओळखता येतं. जाड रंगाखाली तो बुजतो, आणि घासण्याच्या अतिउत्साहात जातो सुद्धा. मग नटबोल्ट. जुनी ब्रिटिश पद्धत म्हणजे व्हिटवर्थ आटे. तुमचा मेट्रिक पाना त्यावर नीट बसतच नाही, नटाची डोकी गोल करून टाकतो. पाना न बसणं हाच मुळात पुरावा आहे! पण हौशी रिस्टोअरर वैतागून हार्डवेअरच्या दुकानातून नवे मेट्रिक बोल्ट आणतो आणि जुने कचऱ्यात.

प्लेट आणि स्टिकरवर तर माझा विशेष जीव. पत्ता कॉन्कर्डचा की मिलपेराचा? व्हिक्टाची मोठी फॅक्टरी मिलपेराला उभी राहिली, त्यामुळे पत्त्यावरून आधीचा की नंतरचा ते कळतं. (याच कंपनीनं १९६० च्या दशकात 'एअरटूरर' नावाची छोटी विमानंही बनवली. मोअर ते विमान, आहे की नाही गंमत?) पत्त्यात चार आकडी पोस्टकोड आहे? मग ती प्लेट १९६७ च्या आधीची असूच शकत नाही, कारण पोस्टकोड आला तेव्हा. सोबतच्या माहितीपत्रकात किंमत पौंड-शिलिंगमध्ये आहे? मग १४ फेब्रुवारी १९६६ च्या आधीचं, त्या दिवशी इथे डॉलर सुरू झाला. कापायची रुंदी इंचात की मिलिमीटरमध्ये, यावरूनही १९७० च्या दशकातल्या मेट्रिक बदलाच्या अलीकडचं-पलीकडचं कळतं. सिलिंडर मोअरवर 'स्कॉट बोनार' एकटं आहे की शेजारी 'रोव्हर'ही आहे, हाही असाच इशारा, कारण पुढे रोव्हरनं ती कंपनी घेतली. आणि लोक काय करतात? मूळ स्टिकर खरवडून विकतचा छापील स्टिकर चिकटवतात. तोही पुष्कळदा चुकीच्या काळातला. कॉन्कर्डच्या यंत्रावर मिलपेराचा पत्ता म्हणजे चक्क खोटा दाखला झाला.

सगळ्यात जास्त राग येतो तो भोकं बुजवण्याचा. डेकवर चार जादा भोकं असतात. का? कुणीतरी कधीतरी मूळ इंजिन गेल्यावर दुसरं बसवलं. हँडलवर पितळेचं जोडकाम असतं, कारण ते तुटलं आणि मालकानं फेकून न देता दुरुस्त केलं. ही त्या यंत्राची कमिट हिस्टरी आहे. कोडमध्ये एखादी विचित्र ओळ दिसली की आपण आधी बघतो ती कुणी, कधी, का टाकली. न बघता उडवणाऱ्या ज्युनियरला आपण काय काय बोलतो ते इथे लिहीत नाही. पण तोच माणूस रविवारी वेल्डिंग मशीन घेऊन भोकं बुजवतो आणि त्याला 'रिस्टोरेशन' म्हणतो.

यावर उत्तरं ठरलेली आहेत. यंत्र माझं आहे, मी काहीही करीन. बरोबर, करा, पण मग 'मूळ स्थितीत आणलं' असं म्हणू नका, 'माझ्या आवडीनं रंगवलं' म्हणा. दुसरं, गंज खाऊन टाकेल. हे खरं आहे, पण गंज थांबवायला रंगच लागतो असं कुणी सांगितलं? सैल माती काढा, तेलाचा किंवा मेणाचा हात द्या, कोरड्या जागी ठेवा. तिसरं, चालू करायचा असेल तर? जरूर करा, मोअरचा आवाज हाही इतिहासच (शनिवारी सकाळी सोडून). पेट्रोलची नळी, गॅस्केट, स्पार्क प्लग बदलावेच लागतील. बदललेले जुने भाग पिशवीत घालून, चिठ्ठी लावून ठेवा. आणि त्या काळच्या रंगात शिसं असण्याची दाट शक्यता, गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉसची. ते कोरडं घासून धूळ फुप्फुसात भरून घेणारे लोक बघितले की इतिहास राहू दे, आधी त्यांचीच काळजी वाटते.

हजारो सारख्या मोअरपैकी एखादा रंगवला तर बिघडलं काय, असंही विचारतात. नंतरच्या लाखांनी निघालेल्या मॉडेलांबद्दल मी वाद घालणार नाही, खुशाल रंगवा. पण पहिल्या चार-पाच वर्षांतलं यंत्र, दोरी गुंडाळून ओढायचं, ज्यावर कुणाचंच नाव वाचता येत नाही असं, ते 'सारखं' आहे हे तुम्ही ठरवलं कशावरून? घासून झाल्यावर?

कौन्सिलच्या मोठ्या कचऱ्याच्या दिवशी इथे रस्त्याच्या कडेला असे मोअर अजूनही दिसतात. उचललात तर हत्यारं काढण्याआधी फोन काढा. नंबर, प्लेट, प्रत्येक बोल्ट, भोकं, रंगाचे थर, सगळ्याचे फोटो. आणि एवढं सांगूनही हात शिवशिवत असतील तर वरची बाजू रंगवा, पण डेक उलटा करून आतली बाजू तेवढी सोडा. तिथे बघायला कुणी येत नाही, आणि प्लेटच्या मागे, बोल्टच्या वॉशरखाली मूळ रंगाचा कपचा बहुतेक वेळा तिथेच सापडतो.