दहा मिनिटे

घरातली एखादी वस्तू बंद पडली, की तिच्यावर चादर घालण्याची आपल्या लोकांना मोठी हौस! चादर घातली म्हणजे वस्तू टाकून दिल्याचे पाप लागत नाही आणि दुरुस्तीचा खर्चही टळतो. आमच्या अंगणात अशीच एक चादर चौदा वर्षे उभी होती. तिच्याखाली बाबांची १९८६ सालची पद्मिनी होती.

पद्मिनी म्हणजे मूळची इटलीची फियाट. कुर्ल्याच्या कारखान्यात ती आपल्याकडची झाली आणि चितोडच्या राणीचे नाव घेऊन मध्यमवर्गाच्या संसाराला लागली. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीचीही मुदत संपली. ती बातमी वाचून आई म्हणाली, “चालू कर, नाही तर भंगारात दे. पण ती चादर काढ बाबा एकदाची!”

मातृआज्ञा पाळायला मला दोन वर्षे लागली. प्राध्यापकाच्या मानाने हे लवकरच म्हणायचे!

यंदा सहामाहीच्या सुट्टीत एका वृद्ध मिस्त्रींना बोलावले. मी उत्साहाने नवी बॅटरी आणून ठेवली होती. ते म्हणाले, “सर, सेल्फ मारू नका. आत गंज धरून पिस्टन चिकटले असतील, जोर केलात तर काहीतरी मोडेल.” त्यांनी चारही प्लग काढले, प्रत्येक भोकात थोडे थोडे तेल सोडले आणि दोन दिवस गाडीला हात लावायचा नाही, असे बजावले. तिसऱ्या दिवशी चौथा गिअर टाकून मी आणि चिरंजीवांनी गाडी ढकलली. ती आधी हललीच नाही. मग एकदम वीतभर सरकली. इंजिन सुटले होते.

पुढे टाकी उतरवली. आतल्या पेट्रोलला जुन्या रंगाचा वास येत होता. त्याचाच चिकट थर कार्ब्युरेटरच्या बारीक भोकांत बसला होता. रबरी नळ्या सगळ्या बदलल्या, कारण हल्लीच्या पेट्रोलातले इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांची बाळंतपणे झाली होती.

हे सारे चालू असताना गाडीच्या खणात बाबांची वही सापडली. त्यात पेट्रोल, तेल, हवा यांचा हिशेब होता. शेवटची पाने मात्र एकाच वाक्याची होती. दर रविवारची तारीख, आणि पुढे, “इंजिन दहा मिनिटे चालवले.”

वाचकहो, खरे सांगतो, माझ्याने पुढे वाचवेना. २०११ साली बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांनी माझ्याकडे एवढेच मागितले होते. “गाडी कुठे नेऊ नकोस. रविवारी फक्त दहा मिनिटे चालू कर.” मी ‘हो’ म्हणालो होतो. तेव्हा माझ्यासमोर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. पुढच्या रविवारीही होता. चौथ्या रविवारी बाबा नव्हते. त्यांनी मला पुन्हा विचारले नाही, याचे तेव्हा मला बरेच वाटले होते!

अखेर वसुबारसेच्या सकाळी सेल्फ मारला. एकदा, दोनदा, तीनदा, नुसती घरघर. पायरीवरून आई ओरडली, “अरे, चोक ओढ! हे आधी चोक ओढायचे.” मी चोक ओढला. गाडी खोकली, धुराने अंगण भरले आणि इंजिन चालू राहिले.

आई चपला घालून आली आणि पुढच्या सीटवर बसली.

“आई, ब्रेकचे काम व्हायचेय. कागदपत्रांचेही नूतनीकरण राहिलेय. कुठे जाता येणार नाही.”

“मी कुठे जायचे म्हटलेय? घड्याळ बघ.”

आम्ही दोघे तशीच बसून राहिलो. दहा मिनिटे झाल्यावर तिने खणातली वही काढली, माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, “लिही.”