देखरेख नव्हे, पाळत

कामाच्या वेळेत कर्मचाऱ्यांना सोशल मीडिया वापरू द्यावा की नाही, यावर हल्ली जो तो मत देतो. व्यवस्थापक देतात, मनुष्यबळ विभाग देतो, खिडकीसमोर ताटकळलेला नागरिक देतो. ज्याच्याबद्दल हा प्रश्न आहे त्याला मात्र कोणी विचारत नाही. त्याच्यापुढे एक छापील कागद सरकवला जातो आणि खाली सही करायला सांगितले जाते.

तो कागद मराठीत आणण्याचे काम मी गेली अनेक वर्षे करते आहे. कवितेच्या अनुवादावर घर चालत नाही. ते चालते औषधांच्या माहितीपत्रकांवर, यंत्रांच्या सूचनापुस्तिकांवर आणि कंपन्यांच्या धोरणांवर. बंगळुरू किंवा गुरुग्रामला इंग्रजीत लिहिलेले ‘सोशल मीडिया धोरण’ चाकणच्या किंवा वाळूजच्या कामगाराला वाचता यावे म्हणून मराठीत लागते. तेव्हा या वादात माझी बाजू कोणती ते आधीच सांगते. सरसकट बंदी घालण्याचा अधिकार मालकाला नसावा. आणि बंदीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ती कोणत्या शब्दांत घातली जाते, हे एकदा नीट वाचावे.

इंग्रजी मसुद्यात ‘मॉनिटर’ हे क्रियापद हमखास असते. कंपनीचा संगणक, कंपनीचे वायफाय, त्यावरचे तुमचे सगळे येणे-जाणे कंपनी ‘मॉनिटर’ करेल. मराठीत त्यासाठी दोन शब्द आहेत. देखरेख आणि पाळत. देखरेख पिकाची करतात, बांधकामावर ठेवतात, घरातल्या आजारी माणसाची ठेवतात. पाळत ठेवतात ती संशयितावर. देखरेख उघड असते. पाळत ज्याच्यावर ठेवायची त्याला कळू नये अशीच ठेवतात. कर्मचाऱ्याच्या पडद्याची छायाचित्रे त्याच्या नकळत टिपणाऱ्या प्रणालीसाठी मी ‘पाळत’ लिहिते आणि मसुदा परत येतो: शब्द जरा सौम्य करा. एका ग्राहकाने तर ‘पाळत’ खोडून तिथे ‘काळजीपूर्वक देखरेख’ असे घातले. कृती तीच, फक्त तिला आईचा पदर लावला.

दुसरा शब्द ‘प्रिव्हिलेज’. इंटरनेटचा वापर हा हक्क नसून सवलत आहे, असे वाक्य जवळजवळ प्रत्येक धोरणात असते. सवलत देणारा ती केव्हाही काढून घेऊ शकतो आणि घेणाऱ्याने कायम मिंधे राहायचे असते. तिसरी गोष्ट शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात असते: इंग्रजी व मराठी मजकुरात तफावत आढळल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य धरला जाईल. म्हणजे कामगार वाचतो मराठी, सही करतो मराठीवर आणि बांधला जातो इंग्रजीने. माझ्या अनुवादाला तिथे कायद्याने काही किंमत नाही. ‘आम्ही त्याला त्याच्या भाषेत सांगितले होते’ एवढा पुरावा म्हणून तो फाईलला लागतो.

विनोद कुमार शुक्ल यांच्या ‘नौकर की कमीज’ या १९७९च्या कादंबरीत साहेबाने आदर्श नोकरासाठी एक सदरा शिवून घेतला आहे. आधी सदरा, मग त्यात बसेल असा माणूस. संतू बाबूला तो बळेच घातला जातो. आजची बहुतेक धोरणे या सदऱ्यासारखी आहेत. कोणते काम किती वेळ, किती लक्ष मागते हे पाहून ती शिवलेली नसतात. आठ तास ज्याला घर नाही, मित्र नाहीत, मत नाही, असा एक नोकर कल्पून ती शिवलेली असतात.

आता वेळेचा मुद्दा घेऊ, कारण बंदीवाल्यांचा सगळा भर त्यावर असतो. वेळ वाया जातो, हे खरेच आहे. पण वेळ वाया घालवण्याची कला मोबाईलसोबत जन्माला आली नाही. टपरीवरचा चहा, विडीकाडी, कालच्या सामन्याची चर्चा, साहेबांच्या टेबलावरचे वर्तमानपत्र, हे सगळे आपल्या कचेऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. चहाचे धोरण मराठीत करून द्या, असे मला आजवर कोणी सांगितलेले नाही. मग दहा मिनिटांचा चहा माफ आणि पाच मिनिटांचा फोन गुन्हा, असे का? मला यामागे एकच कारण दिसते. चहाच्या टपरीवरचे बोलणे मुकादमाच्या कानावर जाऊ शकते. फोनवरचे जात नाही. शिवाय फोनवर एका पाळीचा कामगार दुसऱ्या पाळीच्या, एका कारखान्यातला दुसऱ्या कारखान्यातल्या कामगाराशी बोलू शकतो. पगार किती, ओव्हरटाईम मिळाला का, अपघातानंतर काय झाले, हे विचारू शकतो. धास्ती आहे ती या बोलण्याची.

कामाच्या तासांतला स्वतःचा वेळ ही कोणाची मेहेरबानी नसते, हे मुंबईने फार पूर्वी पाहिले आहे. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या वतीने ज्या मागण्या मांडल्या, त्यांत रविवारची सुटी होती आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांतीही होती. रविवार मिळायला १० जून १८९०पर्यंत थांबावे लागले. त्या अर्ध्या तासात कामगाराने भाकर खावी, झोप काढावी की ‘दीनबंधु’ वाचावा, हे मालकाने ठरवायचे नव्हते. आज दिवस पुन्हा लांबतो आहे. सप्टेंबर २०२५मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने, आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम ठेवून, कारखान्यांतील कामाचा दिवस ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. बारा तास फाटकाच्या आत असलेल्या बाईने मूल शाळेतून घरी आले का हे पाहायचे नाही, आणि पाहिले तर तो शिस्तभंग, असे म्हणणाऱ्याने निदान स्वतःचा फोन आधी लॉकरमध्ये ठेवावा.

तो ठेवणार नाही, कारण वरच्या मजल्यावर हा नियम पोहोचतच नाही. ज्या कंपनीच्या गोदामात फोन फाटकावर जमा होतो, तिच्याच मुख्य कार्यालयात कर्मचाऱ्यांनी लिंक्डइनवर कंपनीची पोस्ट पुढे पाठवावी म्हणून आठवणीचे संदेश येतात. कौतुक असेल तर सोशल मीडिया हे काम ठरते आणि तक्रार असेल तर कामचुकारपणा. अशी ही व्याख्या आहे.

सरकारी नोकरीत हा दुटप्पीपणा अधिकच उघड दिसतो. शाळेचे, आरोग्य केंद्राचे, पंचायतीचे निम्मे कामकाज आज व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर चालते. परिपत्रक रात्री साडेनऊला येते, माहिती सकाळी दहापर्यंत भरून हवी असते, निळी खूण दिसूनही उत्तर आले नाही तर विचारणा होते. २०२१च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत करण्याचे आंदोलन केले. फोन निकृष्ट, आणि ज्यात रोज नोंदी करायच्या ते ‘पोषण ट्रॅकर’ ॲप इंग्रजीत, ही त्यांची तक्रार होती. इथे कामगारच म्हणत होत्या की घ्या तुमचा फोन. बंदीवाल्यांना खरे तर आनंद व्हायला हवा होता. पण फोन कर्मचाऱ्याच्या हातात असावा की नसावा, हे कर्मचाऱ्यानेच ठरवले तर ते कोणालाच चालत नाही.

२८ जुलै २०२५ रोजी महाराष्ट्राच्या सामान्य प्रशासन विभागाने शासकीय कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापराबद्दल सूचना काढल्या. कंत्राटी कर्मचारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांतले कर्मचारीही त्यांच्या कक्षेत येतात. वैयक्तिक आणि कार्यालयीन खाते वेगळे ठेवा, गोपनीय कागद टाकू नका, ही कलमे रास्त आहेत. कार्यालयीन समन्वयासाठी व्हॉट्सॲप, टेलिग्राम वापरायला मुभा आहे. शासनाच्या धोरणांवर प्रतिकूल टीका मात्र करायची नाही. म्हणजे फोन कामाच्या वेळेत चालतो आणि घरीही चालतो. चालत नाही ते मत, आणि तेही चोवीस तास. ‘कामाच्या वेळेत’ ही शब्दयोजना इथे गळून पडते आणि मूळ हेतू तेवढा शिल्लक राहतो.

न्यायालयांनी यावर वेळोवेळी बोट ठेवले आहे. सरकारी नोकरीत शिरताना माणूस आपले मूलभूत हक्क दाराबाहेर ठेवून येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली कामेश्वर प्रसाद खटल्यात स्पष्ट केले आणि निदर्शनांवर सरसकट बंदी घालणारा बिहार सरकारचा नियम त्या मर्यादेत रद्द केला. २०२०च्या जानेवारीत त्रिपुरा उच्च न्यायालयाने मत्स्यव्यवसाय खात्यातल्या एका कर्मचारी महिलेविरुद्धची कारवाई मोडीत काढली. राजकीय सभेला हजर राहणे आणि फेसबुकवरची एक पोस्ट या कारणांवरून तिला निवृत्तीच्या तोंडावर निलंबित केले होते. वर्तणूक नियमांच्या मर्यादेत राहून का होईना, तिला बोलण्याचा हक्क आहे, असे न्यायालयाने म्हटले.

खासगी नोकरीसाठी रुमानियातला एक खटला पाहण्यासारखा आहे. तिथल्या एका अभियंत्याने ग्राहकांना उत्तरे देण्यासाठी मालकाच्याच सांगण्यावरून याहू मेसेंजरचे खाते उघडले होते. खासगी वापराला मनाई होती. आपण खाते फक्त कामासाठी वापरतो, असे त्याने लेखी सांगितले. तेव्हा कंपनीने त्याच्यापुढे ४५ पानांचा उतारा टाकला. त्यात भावाशी आणि वाग्दत्त वधूशी झालेल्या गप्पाही होत्या. २००७मध्ये त्याची नोकरी गेली. तो खोटे बोलला होता, हे उघडच होते. तरीही ५ सप्टेंबर २०१७ रोजी युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या मोठ्या पीठाने निकाल त्याच्या बाजूने दिला. मालकाच्या सूचनांनी कामाच्या जागेतले माणसाचे खासगी सामाजिक आयुष्य शून्यावर आणता येत नाही, हा त्या निकालाचा गाभा आहे. त्याच वर्षीच्या २४ ऑगस्टला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणाला मूलभूत हक्क मानले. मात्र कारखान्याच्या फाटकाशी तो हक्क अजून ताटकळतो आहे.

विरुद्ध बाजूचे जे खरे आहे ते मान्य करायला हवे. ही ॲप्स माणसाला धरून ठेवण्यासाठीच रचलेली आहेत. पाच मिनिटांची पंचवीस केव्हा होतात ते कळत नाही. बस चालवताना, प्रेसवर हात असताना, रुग्णाला सलाईन लावताना फोन नकोच. तिथे प्रश्न जिवाचा आहे. रुग्णाचा फोटो, ग्राहकाची माहिती, परीक्षेचा पेपर यांच्या बाबतीत दयामाया नको. आणि खिडकीसमोरची रांग थांबवून रील पाहणाऱ्या कारकुनावर नागरिक चिडतो ते योग्यच आहे. पण त्याचा राग रांग थांबल्याचा आहे. कारकून वर्तमानपत्र वाचत बसला असता तरी तो तितकाच चिडला असता. काम न करणे हा नियमाने आधीच दोष आहे. त्यासाठी नवा गुन्हा घडवण्याची गरज नाही. काम मोजता येते. काम मोजण्याचे कष्ट नको असलेला व्यवस्थापक माणसाची नजर मोजत बसतो.

साहित्याच्या वाचकांना एक आठवण करून देते. काफ्काने फेलिस बाउअरला २० सप्टेंबर १९१२ रोजी पाठवलेले पहिले पत्र प्राहातल्या कामगार अपघात विमा संस्थेच्या छापील कागदावर टंकलिहित आहे. आजच्या धोरणानुसार हा संस्थेच्या साधनांचा गैरवापर ठरला असता. त्याच संस्थेसाठी काफ्काने कारखान्यांतल्या अपघात प्रतिबंधावर चोख अहवाल लिहिले आणि त्याला बढतीही मिळाली. प्रत्येक कर्मचारी काफ्का नसतो. नसला तरी त्याला कोणालातरी पत्र लिहायचे असते.

मग नियम कसा असावा? जिथे जीव, गुप्तता किंवा समोरचा नागरिक यांना धोका आहे, तिथे त्या कामापुरती आणि त्या वेळेपुरती मनाई असावी, आणि ती कारखान्याच्या व्यवस्थापकालाही लागू असावी. विश्रांतीच्या वेळेत फोन कर्मचाऱ्याच्या हातात असावा. पगार, सुरक्षितता आणि संघटना यांविषयी सहकाऱ्यांशी बोलणे कोणत्याही धोरणाने अडवू नये. कामाच्या तासांत आमचा फोन बंद हवा असेल तर बाकीच्या तासांत तुमचा ग्रुप बंद ठेवा. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७पासून तसा कायदा आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत त्यासाठी खासगी विधेयक मांडले होते.

आणि जे मला माझ्या धंद्यामुळे मागता येते ते शेवटी मागते. कामगार ज्या भाषेत सही करतो, त्याच भाषेतला मजकूर त्याच्यापुरता ग्राह्य धरावा. मराठीत मराठी, कन्नडमध्ये कन्नड, ओडियात ओडिया. तसे झाले की मसुदा लिहिणाऱ्यालाही प्रत्येक शब्दाची किंमत द्यावी लागेल, आणि या अंकाच्या इतर भाषांतल्या अनुवादकांनाही आपापला शब्द ठामपणे धरून बसता येईल. पाळत ठेवायची असेल तर मालकाने खुशाल ‘पाळत’ असे लिहावे, कर्मचाऱ्यांसमोर ते मोठ्याने वाचावे आणि मग सही मागून पाहावी.