सिलिंडर उभा, भिंत आडवी

पुन्हा तेच. मथळा 'सिलिंडरचा भीषण स्फोट', आणि खालच्या छायाचित्रात तो सिलिंडर ओट्याखाली सुखरूप उभा! भिंत मात्र थेट जिन्यात जाऊन पडलेली. हे रडगाणं तुम्ही ऐकलेलं आहे, पण मथळे देणाऱ्यांच्या कानावर अजून गेलेलं दिसत नाही.

सिलिंडर खरोखर फुटला की पत्रा फाटून उलगडतो, तुकडे लांब जाऊन पडतात. आगीत तापत राहिला तर तसं होतंही. इथे फुटली ती खोली. गळलेला गॅस हवेत मिसळला आणि त्याला ठिणगी मिळाली, एवढंच.

घरगुती सिलिंडरची चाचणी चौरस सेंटिमीटरला सुमारे २५ किलो दाबावर होते. आणि भिंत किती सोसते? मे १९६८ मध्ये लंडनच्या रोनन पॉइंट या २२ मजली इमारतीत अठराव्या मजल्यावरच्या बाईंनी पहाटे चहासाठी काडी ओढली आणि इमारतीचा अख्खा कोपरा वरपासून खालपर्यंत ढासळला. चार माणसं गेली, बाई वाचल्या. इमारत उघडून जेमतेम दोन महिने झालेले. तपासणाऱ्यांनी आधी बाईंचे कान पाहिले. पडदे शाबूत, म्हणजे दाब बेताचाच. मग स्वयंपाकघरातले चेपलेले डबे, भांडी घेतली आणि एवढं चेपायला किती दाब लागतो याच्या चाचण्या केल्या. बाहेरची भिंत ढकलायला, याच मापात, पाव किलोसुद्धा पुरेसा होता. कुठे पंचवीस, कुठे पाव! तिथली भिंत तयार काँक्रीटच्या फळ्यांची होती हे खरं, पण आपल्या चार इंची विटांनीही फार मिजास करू नये. गळतीचं मूळ निघालं ते शेगडीच्या जोडावरच्या एका निकृष्ट पितळी नटमध्ये.

बॉम्ब असता तर जमिनीत खड्डा दिसला असता, जवळच्या लोखंडावर बारीक खळगे पडले असते. गॅस भिंत ढकलतो, तिचा चुरा करत नाही. तरी दुसऱ्या दिवशी घातपाताचा संशय घेणारा एक पुढारी ठरलेलाच.

आता माझा जुना शत्रू, मॉड्युलर किचन. आकडे माझ्याकडे नाहीत, मागू नका. पण हवेपेक्षा जड गॅस बंद कपाटात कोंडायचा आणि वर हळुवार मिटणारं दार बसवायचं, म्हणजे वाससुद्धा शिस्तीत आत राहील! सजावटकाराला नमस्कार.

एका वाचकाने फोनवर सुनावलं, "सिलिंडरच जुना असणार." असेलही. पण सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते आणि तिच्यावर साल छापलेलं असतं. ते पंचनाम्यात लिहायला अर्धी ओळ लागते. ढिगारा उपसताना ती नळी पहिल्याच पाटीत कचऱ्यात जाते. या आठवड्याच्या छायाचित्रातही सिलिंडर आहे, रेग्युलेटर आहे. नळी कुठे गेली, हे बातमीत कुणी विचारलेलं नाही.